पट पट, सावकाश, सावकाश
(१९९५ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांचा मला फोन आला तेव्हा ते म्हणाले, "तू अमेरिकेत सॉफ्टवेअरमध्ये आहेस, तर आर्टिफिशियल इंटेलिजन्सवर पंधरा-वीस मिनिटं बोल." मी म्हटलं, तो विषय मी रोज ऑफिसात ऐकते आणि तुम्ही रोज व्हॉट्सॲपवर वाचता. त्यापेक्षा मला नाचाबद्दल बोलू द्या. फोनवर जरा वेळ शांतता पसरली. मग प्रश्न आला, "तू? नाच?"

प्रश्न रास्त होता. नववीतलं गॅदरिंग ज्यांना आठवतंय, ते आत्ता तिसऱ्या रांगेत हसतायत. ज्यांना आठवत नाही त्यांच्यासाठी सांगते. मुलींच्या लेझीम पथकात माझी निवड झाली होती. आठ दिवस तालीम झाली. सगळ्या उजवीकडे वळल्या की मी डावीकडे वळायची आणि समोरच्या मुलीच्या नाकासमोर माझी लेझीम यायची. नवव्या दिवशी मला पथकातून काढलं आणि स्टेजच्या मागे टेपरेकॉर्डर चालू-बंद करायला बसवलं. ते काम मी चोख केलं. कॅसेट नेमकी जागेवर आणून ठेवायची, पडदा उघडला की बटण दाबायचं. पुढे इंजिनिअर होण्याची लक्षणं म्हणायची ती! माझी कोणाबद्दल तक्रार नाही. पथक छान झालं होतं. पण "आपल्याला नाच येत नाही" हे वाक्य त्या दिवशी जे माझ्या डोक्यात बसलं, ते पुढे जवळजवळ तीस वर्षं तिथून हललं नाही.

दहावीनंतर सांगलीला इंजिनिअरिंग केलं, पुण्यात नोकरी केली, लग्न झालं आणि २००८ पासून आम्ही टेक्ससमध्ये ऑस्टिनला राहतो. टेक्सस म्हटलं की तुमच्यासमोर काऊबॉयची टोपी आणि बूट येतात. ऑस्टिनच्या सॉफ्टवेअर कंपन्यांमध्ये ते फारसं दिसत नाही. पण संध्याकाळी एखाद्या जुन्या डान्स हॉलमध्ये गेलात तर सगळं दिसतं. तिथे जोडीजोडीनं एक नाच चालतो, त्याला टू-स्टेप म्हणतात. आज मी त्या नाचाच्या पहिल्या चार पावलांबद्दल बोलणार आहे. चारच, कारण त्यापुढे माझी अजून फारशी मजल गेलेली नाही.

ही पावलं शिकायची वेळ का आली, ते आधी सांगते. २०२३ मध्ये माझ्या नवऱ्याची नोकरी गेली. आमच्या क्षेत्रात त्या वर्षी अनेकांची गेली, त्यामुळे त्यात लाज वाटण्यासारखं काही नव्हतं. माझी नोकरी टिकली होती, घराचे हप्ते भरता येत होते. पण घरातली हवा बदलली. मी स्वभावाप्रमाणे कामाला लागले. त्याच्या अर्जांची एक्सेलमध्ये यादी केली. कुठल्या कंपनीला कधी अर्ज केला, कोणाला फोन करायचा, कधी आठवण करायची, सगळं रंगवून ठेवलं. त्याचा बायोडेटा मी लिहिला. रात्री जेवण झाल्यावर मी त्याची खोटी मुलाखत घ्यायची आणि उत्तरं दुरुस्त करायची. मला वाटत होतं, मी मदत करतेय. तो मात्र दिवसेंदिवस गप्प होत गेला. चार महिन्यांनी आमच्यात तीनच विषय उरले होते : मुलीला कोण आणणार, दूध आहे का, आणि अर्जाचं काय झालं.

आमच्या शेजारी एक सत्तरीच्या बाई राहतात. टेक्ससमध्येच जन्मलेल्या आणि तिथेच वाढलेल्या. एकदा आम्ही दोघं कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायला आलो, तेव्हा त्या आमच्याकडे बघून म्हणाल्या, "तुम्ही दोघं फार दमलेले दिसता. बुधवारी माझ्याबरोबर चला. बँड सुरू व्हायच्या आधी तासभर नवशिक्यांना शिकवतात." मी नाही म्हणणार होते. माझ्या आधी नवरा हो म्हणाला. कितीतरी महिन्यांनी त्यानं स्वतःहून कशाला तरी हो म्हटलं होतं, म्हणून मी गप्प बसले.

या हॉलविषयी दोन शब्द सांगायला हवेत. एकोणिसाव्या शतकात जर्मन आणि चेक लोक मोठ्या संख्येनं टेक्ससमध्ये येऊन वसले. त्यांनी शेती केली, गावं वसवली आणि गावोगावी लाकडी हॉल बांधले. कुठे गायन मंडळाचा, कुठे नेमबाजीच्या क्लबचा, कुठे शेतकऱ्यांच्या संघाचा. पोल्का, वॉल्ट्झ हे नाच त्यांनी येताना बरोबर आणले. आठवडाभर शेतात राबायचं आणि शनिवारी रात्री सगळं घरदार घेऊन हॉलवर जायचं. लहान मुलं कडेला गोधड्यांवर झोपायची आणि आई-बाप नाचायचे. हे वाचलं तेव्हा मला आपल्या परदेशातल्या महाराष्ट्र मंडळांची आठवण झाली. आम्हीही शाळेचा हॉल भाड्यानं घेतो, गणपती बसवतो आणि उशीर झाला की मुलं कोटांच्या ढिगाऱ्यावर झोपतात. घर सोडून आलेल्या माणसांना हॉल लागतोच. यातले काही हॉल आजही चालू आहेत. ऑस्टिनपासून तासाभरावर ग्रीन हॉल आहे. तो १८७८ सालचा, कापूस पिकवणाऱ्या एका छोट्या गावातला. ऑस्टिन शहरातला ब्रोकन स्पोक त्या मानानं तरुण, १९६४ सालचा. नाच तसा जुनाच, पण १९८० मध्ये 'अर्बन काऊबॉय' नावाचा सिनेमा आला आणि ज्यांनी कधी गाय पाहिली नव्हती असे शहरी लोकही बूट घालून टू-स्टेप शिकायला लागले. आम्ही त्याच परंपरेतले म्हणायचे.

तर पहिला बुधवार. मी रबरी तळव्याचे पळायचे बूट घालून गेले. शिकवणाऱ्या बाईंनी आधी माझ्या पायांकडे पाहिलं. या नाचात पाय उचलून टाकत नाहीत, जमिनीवरून सरकवतात. रबर लाकडाला धरून राहतं, बूट जागेवर राहतो आणि गुडघा वळतो. म्हणून लोक चामडी तळव्याचे बूट घालतात. त्या टोपी-बुटांच्या थाटामागे असं साधं कारण असतं.

आधी जोडीशिवाय, सगळ्यांना एका रांगेत उभं करून पावलं शिकवली. पावलं चार. पहिली दोन जलद, नंतरची दोन संथ. जलद पावलाला एक मात्रा, संथ पावलाला दोन. म्हणजे चार पावलांत सहा मात्रा. त्या इंग्रजीत मोजत होत्या. माझी जीभ त्या मोजणीत अडखळायला लागली, तेव्हा मी मनात मराठी सुरू केलं : पट, पट, साव-काश, साव-काश. बघा, बरोबर सहा मात्रा होतात. 'पट'ला एक, 'सावकाश'ला दोन. नवऱ्याला हळूच सांगितलं, तोही तसंच म्हणायला लागला. तीस वर्षांत पहिल्यांदा माझा पाय तालात पडला आणि तो मराठीत पडला.

यात एक गंमत आहे. गाणं असतं चार-चार मात्रांचं आणि पावलांचं आवर्तन सहाचं. त्यामुळे सुरुवातीला आपलं 'पट' गाण्याच्या ठोक्याबरोबर येतं, पुढच्या आवर्तनात ते मध्येच कुठेतरी पडतं आणि आपण चुकलो असं वाटतं. चुकलेलं नसतं. बारा मात्रांनी दोन्ही परत एकत्र येतात. सहा आणि चारचा लसावि बारा! सर, सातवीत तुम्ही विचारायचात ना, "याचा उपयोग काय, सांगा"? उपयोग सापडला. घाबरून मध्येच पाय बदलायचा नाही, बारापर्यंत धीर धरायचा.

हॉलमध्ये सगळ्या जोड्या एकाच दिशेनं फिरतात, घड्याळाच्या उलट. वेगानं जाणारे बाहेरच्या कडेनं, हळू जाणारे आतून. देवळात आयुष्यभर आपण घड्याळाच्या दिशेनं प्रदक्षिणा घालतो, त्यामुळे माझे पाय आपोआप दुसरीकडे वळत होते. लेझीमवाली मी अजून शाबूत होते.

मग जोड्या लावल्या. यात एक जण नेणारा असतो आणि एक जण सोबत जाणारा. बहुधा पुरुष नेतो. तो डाव्या पायानं सुरुवात करतो आणि पुढे चालतो. बाई उजव्या पायानं सुरुवात करते आणि मागे चालते. म्हणजे अख्खं गाणं आपण पाठमोऱ्या जायचं, न बघता, भरलेल्या हॉलमध्ये. त्याचा उजवा हात आपल्या पाठीवर, खांद्याच्या हाडापाशी. आपला डावा हात त्याच्या दंडावर. दुसरे दोन हात एकमेकांत. वळायचं, थांबायचं, गर्दीतून वाट काढायची, हे सगळं त्या हातांतून कळतं. बोलायचं नाही.

बोलायचं नाही! तुम्ही मला ओळखता.

पहिल्या फेरीत मी मान वळवून मागे बघत होते. मान वळली की खांदा वळतो, खांदा वळला की हात सुटतो. मी पायांकडे बघितलं तर आमची डोकी आपटली. मग मी त्याला तोंडानं सांगायला लागले, "आता डावीकडे, अरे डावीकडे, ते आजोबा येतायत." शिकवणाऱ्या बाई जवळ आल्या. त्यांच्या बोलण्याचा अर्थ असा होता की बाईसाहेब, तुम्ही मागे चालताय खऱ्या, पण नेताय तुम्हीच. तुम्ही यांना ओढताय.

मी म्हटलं, मला हा नाच जमणारच नाही. त्या म्हणाल्या, बघू. त्यांनी जोड्या बदलल्या. तिथे तशी पद्धतच आहे, दर थोड्या वेळानं पुढच्या माणसाकडे सरकायचं. माझ्यासमोर पांढऱ्या टोपीतले एक म्हातारे गृहस्थ आले. त्यांनी अदबीनं मान झुकवली, हात धरला आणि आम्ही निघालो. मित्रांनो, मला जमलं. पट, पट, सावकाश, सावकाश करत आम्ही अख्खा हॉल फिरून आलो. मी एकदाही मागे पाहिलं नाही. त्यांच्यानंतर एक कॉलेजमधला मुलगा आला. त्याच्याबरोबरही जमलं. मग चक्र फिरून नवरा समोर आला आणि माझी मान परत मागे वळली.

घरी येताना गाडीत कोणीच बोललं नाही. मला जे कळलं होतं ते मला उच्चारायचं नव्हतं. ज्यांचं नावही मला माहीत नव्हतं त्या माणसावर मी पाठमोरी विसंबले होते आणि वीस वर्षं ज्याच्याबरोबर संसार केला त्याच्यावर नाही. शेवटी सिग्नलला गाडी थांबली तेव्हा तोच म्हणाला, "अगं, तू मला पाऊल टाकूच देत नाहीस. मी टाकायच्या आधी तुझं टाकून झालेलं असतं." थोड्या वेळानं म्हणाला, "नाचाचं म्हणत नाहीये मी."

मला राग आला. मीही बोलले. यादी कोण ठेवतंय, हप्ते कोण भरतंय, सगळं निघालं. ते इथे सांगत नाही, पण ज्यांच्या घरात असं वर्ष येऊन गेलंय त्यांना ते शब्द माहीत असतील.

दोन दिवसांनी रात्री मुलगी झोपल्यावर तो स्वयंपाकघरात आला. पायात नुसते मोजे. फरशीवर मोजे छान सरकतात. फोनवर गाणं लावलं आणि म्हणाला, "डोळे मीट." मी म्हटलं, "कशाला?" तो म्हणाला, "बाईंनी सांगितलंय. सोबत जाणाऱ्यानं डोळे मिटून सराव करायचा." मी डोळे मिटले. त्या रात्री त्यानं मला जेवणाच्या टेबलाभोवती वीस-पंचवीस फेऱ्या मारायला लावल्या. पहिल्या फेऱ्यांत मी दर चार पावलांनी डोळे उघडत होते. एकदा फ्रिजपाशी तो मध्येच थांबला. माझ्या तोंडाशी आलं होतं, "आता उजवीकडे घे." मी दात दाबून धरले. तो दोन मात्रा थांबला आणि स्वतःच उजवीकडे वळला. कुठेही आपटलो नाही. त्या दोन मात्रा मला फार लांब वाटल्या. गेल्या चार महिन्यांत मी त्याला तेवढाही वेळ दिला नव्हता, हे मला डोळे मिटल्यावर दिसलं.

आता इथे माझ्या मैत्रिणींच्या भुवया वर गेल्यात, त्या मला दिसतायत. "म्हणजे बाईनं मागे चालायचं, नवऱ्याचं ऐकायचं, हे शिकायला तू टेक्ससला गेलीस?" नाही गं. तसं समजून मी पुढच्या बुधवारी गेले आणि अंग अगदी सैल सोडलं. म्हटलं, ने बाबा कुठे न्यायचंय तिथे. तर तेही चालेना. त्याला मी पिशवीसारखी जड लागायला लागले. हात सैल असले की पाठीवरचा त्याचा इशारा माझ्यापर्यंत पोचतच नव्हता. बाई सांगत होत्या, हातात ताण ठेवा, पण किती ठेवायचा ते कळत नव्हतं. आणि एकदम मला फुगडी आठवली.

आपल्याकडे जोडीचं नृत्य नाही असं कोण म्हणतं? नागपंचमीला, मंगळागौरीला आपण हेच तर करत होतो. फुगडीत हात सैल सोडले तर दोघी पडतात. एकीनंच जोर लावून ओढलं तरी दोघी पडतात. जिनं तिनं आपलं वजन आपल्या पायांवर ठेवायचं आणि थोडं मागे झुकून दुसरीला तोलून धरायचं. तेवढाच ताण, फक्त दहा पटीनं हलका. हे मी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "मी कुठे फुगडी खेळलोय?" मग रात्री साडेदहा वाजता, ऑस्टिनमध्ये, आमच्या गॅरेजमध्ये मी त्याला फुगडी शिकवली. पंचेचाळीस आणि अठ्ठेचाळीस वर्षांची दोन माणसं. मुलगी उठून दारात येऊन उभी राहिली आणि आम्ही बरे आहोत ना, असं तिनं विचारलं.

तिथून नाच सुधारला. सोबत जाणं म्हणजे आज्ञा पाळणं नव्हे, हे तेव्हा कळलं. माझं पाऊल माझंच असतं, तोल माझाच असतो. आणि नेणाऱ्याचंही काम सोपं नाही. तो पुढे बघतो ते दोघांसाठी. माझ्या पाठीमागे कोणी आलं तर वाट बदलायची जबाबदारी त्याची. माझं पाऊल लहान असेल तर त्यानं आपलं लहान करायचं. धक्का लागला तर माफी त्यानं मागायची. आणि हे बाई-पुरुषावरही नाही. आमच्या वर्गात कितीतरी बायका नेणाऱ्या आहेत. पुढे आम्हीही अदलाबदल करून शिकलो. मी नेते तेव्हा तो मागे वळून बघतो, हे सांगायला मला आनंद होतो.

तुम्हाला वाटेल की आता नोकरीची गोड बातमी येणार. इतकं सरळ काही झालं नाही. पुढे आणखी पाच महिने गेले. एक्सेलची यादी मी त्याच्या हवाली केली आणि परत उघडली नाही. हे लिहायला सोपं आहे, पण रोज रात्री माझा हात तिकडे जायचा. दरम्यान डॅलसच्या एका मोठ्या कंपनीचं बोलावणं आलं, मला ते हवं होतं. त्यानं नको म्हटलं आणि ऑस्टिनमध्येच एका लहान ठिकाणी कमी पगाराचं काम धरलं. मला तो निर्णय पटला नव्हता. खरं सांगायचं तर पगाराच्या दिवशी अजूनही थोडा पटत नाही. पण तो त्यानं स्वतः दोन मात्रा थांबून घेतला होता. आणि तो परत बोलायला लागला. जेवताना, गाडीत, कचऱ्याचा डबा ठेवताना.

गेल्या वर्षी आम्ही ग्रीन हॉलला गेलो. वर पत्र्याचं छप्पर, एसी नाही, बाजूच्या झडपा उघडलेल्या, जमीन दीडशे वर्षांच्या पावलांनी घासून गुळगुळीत झालेली. शेजारच्या बाई बरोबर होत्या. एका कोपऱ्यात एक बाप चार-पाच वर्षांच्या मुलीला आपल्या बुटांवर उभं करून नाचवत होता. तिकडे मुलं अशीच शिकतात. बँडनं गाणं सुरू केलं आणि आम्ही बाहेरच्या कडेनं नाही, आतल्याच कडेनं, पण अख्खं गाणं न थांबता नाचलो. मध्ये एकदा माझा पाय चुकला. मी उजवीकडे जायच्या ऐवजी डावीकडे गेले. नवरा हसला, एक मात्रा थांबला आणि पुढच्या 'पट'ला मला परत उचलून घेतलं. मला पथकातून काढलं नाही.

सर, बाई, आम्ही सगळे आता पंचेचाळीस-शेहेचाळीसचे आहोत. ऑफिसात, घरात, सोसायटीत आम्हीच नेणारे झालोय आणि त्यात हुशारही झालोय. आमच्यातल्या बहुतेकांच्या घरी आत्ता कोणीतरी असं आहे ज्याचं पाऊल आम्ही त्याच्या आधी टाकतोय. कोणाचा मुलगा असेल, कोणाची म्हातारी आई, कोणाचा नोकरी गेलेला नवरा. माझ्याकडे उपदेश नाही, चार पावलं आहेत.

जेवण तयार आहे असा मागून इशारा झालाय, तरी पाच मिनिटं मागते. खुर्च्या जरा मागे सरकवा. ज्यांच्या शेजारी जोडीदार बसलाय त्यांनी त्याचा हात धरा, बाकीच्यांनी बाकावरच्या जुन्या जोडीदाराचा. चपला-बूट काढा, या फरशीवर पाय छान सरकतील. नेणाऱ्याचा डावा पाय पुढे, दुसऱ्याचा उजवा पाय मागे. आणि सगळ्यांनी मोठ्यानं म्हणायचं.

गाणं मात्र कोणीतरी दुसऱ्यानं लावा. आज मी टेपरेकॉर्डरपाशी बसणार नाही.